चिझमबाईंच्या पायऱ्यांवरून अमेरिकेचं राजकारण समजून घेऊया

सिगारचे रिकामे खोके असतात ना, चपटे, झाकणवाले, तर ब्रुकलिनच्या सतराव्या असेंब्ली डिस्ट्रिक्टमधल्या, म्हणजे राज्य विधानसभेच्या मतदारसंघातल्या, डेमोक्रॅटिक पक्षाच्या क्लबात बायकांच्या वाट्याला काम काय, तर हे खोके सजवायचे. क्लबचा वर्षाचा मोठा कार्यक्रम असायचा, सोडतीची तिकिटं विकली जायची, आणि ती तिकिटं नि पैसे ठेवायला हे रंगवलेले, कागद चिकटवलेले खोके. बायका राबून पैसा उभा करणार आणि तो कुठे खर्चायचा ते पुरुष ठरवणार. तिथे कॉलेज संपवून आलेली एक अंगाने किरकोळ ब्लॅक मुलगी होती, तिने खोके रंगवता रंगवता बाकीच्या बायकांना म्हटलं की आपण यासाठी क्लबकडे रीतसर पैसे का मागत नाही, दरवेळी आपणच का पदरमोड करायची. मागितले. आणि मिळाले पण.

हीच मुलगी १९६८ साली अमेरिकन काँग्रेसमध्ये निवडून जाणारी पहिली ब्लॅक बाई झाली, शर्ली चिझम. स्पेलिंग बघून बरेच जण चिशोल्म वाचतात पण उच्चार चिझम असाच आहे. आणि मी त्यांना इथे चिझमबाई म्हणणार आहे, कारण आपल्याकडे शाळेतल्या शिक्षिकेला बाई म्हणतात आणि ह्या खरोखरच बालवाडीच्या बाई होत्या, पुढे पाळणाघराच्या डायरेक्टर झाल्या, आणि राजकारणात गेल्यावरही त्यांचं ते बाईपण सुटलं नाही असं मला त्यांची भाषणं ऐकताना नेहमी वाटतं, एकेक शब्द ठासून, सगळ्या वर्गाला कळेल असा.

बहुतेक ठिकाणी त्यांच्याबद्दल एकच ओळ सापडते, १९७२ ला राष्ट्राध्यक्षपदासाठी उभ्या राहिल्या आणि हरल्या. मला ती ओळ अपुरी वाटते. कारण अमेरिकेत राजकारणात माणूस वर कसा जातो, क्लब म्हणजे काय, मतदारसंघ कसे कापतात, कमिटी एवढी महत्त्वाची का, प्रायमरी आणि डेलिगेट ही काय भानगड आहे, हे सगळं त्यांच्या एकाच करिअरमध्ये पायरी पायरीने दिसतं. प्रत्येक पायरीवर दाराशी कोणीतरी उभं होतं आणि प्रत्येक ठिकाणी बाईंना दारातल्या माणसापेक्षा तिथले नियम जास्त चांगले माहीत होते.

आधी थोडं घरचं. जन्म ३० नोव्हेंबर १९२४, ब्रुकलिन, न्यूयॉर्क. वडील ब्रिटिश गयानाचे, गोणपाटाच्या पिशव्यांच्या कारखान्यात कामगार, आई बार्बाडोसची, शिवणकाम करायची आणि लोकांच्या घरी घरकामही करायची. ही आईच्या कामाची गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी परत लागणार आहे. दोघांच्या कमाईत मुलींचं भागेना म्हणून शर्ली अगदी लहान असताना तिला बहिणींबरोबर बार्बाडोसला आजीकडे पाठवलं, तिथे एका खोलीची शाळा, ब्रिटिश पद्धतीची कडक शिस्त, लिहिणं-वाचणं लवकर पक्कं झालं, आणि १९३४ ला परत ब्रुकलिन. आपण जे नीट बोलतो-लिहितो ते त्या बार्बाडोसच्या शाळेमुळे असं त्या पुढे कायम सांगायच्या. मग ब्रुकलिन कॉलेज, १९४६ ला डिग्री, तिथे वादविवादात नाव काढलं, नंतर कोलंबिया विद्यापीठातून लहान मुलांच्या शिक्षणात एमए. १९४९ ला कॉनराड चिझम यांच्याशी लग्न झालं, ते जमैकाचे, खाजगी डिटेक्टिव्हचं काम करायचे, स्वभावाने शांत, आणि बायको पुढे गेली तर आपलं काही कमी होतं असं न मानणारे. त्या काळात हे फार मोठं आहे.

आता क्लब. आपल्याकडच्या वॉर्डातलं पक्षाचं शाखा ऑफिस डोळ्यासमोर आणलंत तर जवळपास कळेल. न्यूयॉर्कमध्ये प्रत्येक असेंब्ली डिस्ट्रिक्टला पक्षाचा असा क्लब, त्याचा एक लीडर, लोक आठवड्यातल्या ठरलेल्या संध्याकाळी तक्रारी घेऊन येणार, कोणाला नोकरी हवी, कोणाचा घरमालक त्रास देतोय, कोणाच्या गल्लीत कचरा उचलला जात नाही. लीडर काम करून देणार आणि बदल्यात मत. याला तिकडे मशीन म्हणतात, आणि न्यायाधीश कोण होणार इथपर्यंत सगळं ह्या मशीनमध्ये ठरायचं. बेडफर्ड-स्टायव्हेसंट, म्हणजे बेड-स्टाय, ह्या भागात तोपर्यंत ब्लॅक वस्ती खूप वाढली होती पण क्लबच्या खुर्च्या गोऱ्यांच्याच हातात, हॉलमध्ये गोरे एका बाजूला आणि ब्लॅक दुसऱ्या बाजूला बसायचे, तसा कुठे नियम लिहिलेला नव्हता पण बसायचे. चिझमबाई उठून विचारायच्या, आमच्या भागात कचरा का उचलत नाहीत, आमच्या घरांसाठी नियम का पाळले जात नाहीत. अशी माणसं कुठल्याच पक्षाच्या ऑफिसात आवडत नाहीत.

राजकारणातले त्यांचे गुरू म्हणजे वेस्ली होल्डर, सगळे मॅक म्हणायचे. १९५३ ला मशीनने ब्रुकलिनमधल्या एका न्यायाधीशपदासाठी बाहेरचा गोरा वकील आणला तेव्हा मॅक होल्डरनी लुईस फ्लॅग नावाचा ब्लॅक वकील उभा करून निवडून आणला, त्या मोहिमेत बाई होत्या आणि घरोघरी जाऊन मत कसं मिळवायचं ते तिथे शिकल्या. पण १९५८ ला त्यांनी त्याच गुरूविरुद्ध, त्या मोहिमेतून उभ्या राहिलेल्या संघटनेच्या अध्यक्षपदाची निवडणूक लढवली, हरल्या, आणि दोघांचं बोलणं बंद. १९६० मध्ये नवीन लोकांबरोबर युनिटी डेमोक्रॅटिक क्लब काढला, म्हणजे जुन्या क्लबात जागा मिळत नाही तर आपलाच क्लब, आणि दोन वर्षात जुन्या मशीनला त्या डिस्ट्रिक्टमधून बाहेर काढलं.

१९६४ ला राज्याच्या असेंब्लीची, म्हणजे आपल्या विधानसभेसारखी, जागा मोकळी झाली आणि बाईंनी सांगितलं की मला हवीय. प्रचाराला थंडीत उभ्या असताना एका म्हाताऱ्या गृहस्थाने त्यांना विचारलं की नवऱ्याचा नाश्ता करून आलीस का, घर आवरलंस का, ही कामं पुरुषांची आहेत. ब्लॅकच होता तो माणूस. बाईंनी न चिडता त्याला समजावलं की मी ह्या भागासाठी किती वर्षं काम करतेय. मला हे वाचून जास्त वाईट ह्याचं वाटतं की हे त्यांना एकदा नाही, आयुष्यभर ऐकावं लागलं. त्या स्वतः म्हणायच्या की मला ब्लॅक असण्यापेक्षा बाई असण्याचा त्रास जास्त झाला.

निवडून आल्या आणि कोर्टाने मतदारसंघ पुन्हा आखायला लावल्यामुळे चार वर्षात तीन वेळा निवडून यावं लागलं, १९६४, १९६५, १९६६. असेंब्लीत सुमारे ५० बिलं मांडली, ८ पास झाली. आकडा छोटा वाटेल पण त्यात काय होतं बघा. एक म्हणजे सीक नावाची योजना, गरीब वस्तीतल्या ज्या मुलांना मार्क कमी पडतात पण कुवत आहे त्यांना न्यूयॉर्कच्या सरकारी कॉलेजात घ्यायचं आणि मदत करून वर आणायचं. दुसरं, बाळंतपणासाठी रजा घेतलेल्या शिक्षिकांची नोकरीतली ज्येष्ठता जाऊ नये. तिसरं, घरकाम करणाऱ्या बायकांना बेकारी विमा. पाळणाघरात कामाला असताना रोज सकाळी मुलाला सोडून धावत कामावर जाणाऱ्या आया त्यांनी वर्षानुवर्षं बघितल्या होत्या, त्यामुळे ही तिन्ही बिलं कुठून आली ते वेगळं सांगायला नको.

मग येतं १९६८, आणि इथे मतदारसंघाची गोष्ट समजून घ्यावी लागते. अमेरिकेच्या काँग्रेसची दोन सभागृहं, सिनेट आणि हाऊस. हाऊसमध्ये ४३५ जागा, लोकसंख्येप्रमाणे वाटलेल्या, दर दोन वर्षांनी निवडणूक (आपले चिकोडीचे श्री ठाणेदार २०२३ पासून मिशिगनमधून बसतात ते हेच हाऊस). प्रत्येक राज्यात मतदारसंघाच्या रेषा बहुतेक करून राज्याचे आमदारच मारतात. बेड-स्टायमध्ये एवढी मोठी ब्लॅक वस्ती असून तिथून ब्लॅक खासदार कधीच का आला नाही, तर वस्तीचे लचके करून ते वेगवेगळ्या मतदारसंघांना जोडलेले, एका घरातली माणसं पाच पंगतीत बसवावी तसं, म्हणजे कुठल्याच पंगतीत त्यांचं चालणार नाही. १९६४ ला सुप्रीम कोर्टाने म्हटलं की मतदारसंघांची लोकसंख्या सारखी पाहिजे, मग ब्रुकलिनमधल्या लोकांनी ह्या लचक्यांविरुद्ध कोर्टात केस घातली, ती जिंकली, आणि बेड-स्टाय मुख्यतः एकाच मतदारसंघात आलं, नंबर बारा.

पुढची पायरी प्रायमरी. आपल्याकडे तिकीट श्रेष्ठी देतात. तिकडे पक्षाचे म्हणून नाव नोंदवलेले मतदार आधी आपसात मतदान करून उमेदवार ठरवतात, ती प्रायमरी. म्हणजे मशीन तुमच्या विरोधात असलं तरी दारोदार जाऊन तुम्ही तिकीट हिसकावून घेऊ शकता, निदान कागदावर तरी. मशीनचा कल विल्यम थॉम्पसन यांच्याकडे होता. बाईंकडे पैसा नव्हता, पण मॅक होल्डर परत आले, दहा वर्षांचा अबोला सोडून, आणि त्यांनी मतदार याद्या काढून बसून मोजलं तर कळलं की ह्या मतदारसंघात नोंदणी झालेल्या बायका पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त आहेत. मग काय, चर्चच्या बायका, शाळांच्या पालक संघटना, बिल्डिंगांमधल्या जिन्यांवर गप्पा, पोर्तो रिकोच्या लोकांशी स्पॅनिशमधून भाषण, लाऊडस्पीकर लावलेला ट्रक. घोषणा होती की मला कोणी विकत घेतलेलं नाही आणि माझ्यावर कोणी बॉस नाही. प्रायमरी थोडक्या मतांनी निघाली.

समोर मुख्य निवडणुकीत जेम्स फार्मर, नागरी हक्क चळवळीतलं देशभर माहीत असलेलं नाव, आणि त्यांच्या प्रचाराचा सूर असा की वॉशिंग्टनमध्ये ह्या भागासाठी एक दमदार पुरुषाचा आवाज हवा. मध्येच बाईंना पोटातली गाठ निघाली, ऑपरेशन झालं, विरोधक विचारायला लागले कुठे गायब झाल्या, तर त्या डॉक्टरांचं न ऐकता, अजून नीट बऱ्याही झालेल्या नसताना, ट्रकवर उभ्या. फार्मर यांच्या जवळपास अडीचपट मतं घेऊन जिंकल्या.

जानेवारी १९६९, ४३५ जणांच्या हाऊसमध्ये बायका १०. आणि आता माझ्या मते ह्या सगळ्या करिअरमधला सगळ्यात शिकण्यासारखा भाग, जो कोणी फारसा सांगत नाही.

काँग्रेसमध्ये खरं काम मुख्य सभागृहात होत नाही, कमिट्यांमध्ये होतं. बिल आधी कमिटीकडे जातं आणि बहुतेक बिलं तिथेच मरतात. म्हणून तुम्ही कुठल्या कमिटीवर यावर तुमची दोन वर्षं ठरतात. आणि कमिटी कोण देतं, तर त्या काळी डेमोक्रॅट पक्षात हे वाटप वेज अँड मीन्स, म्हणजे करांचं बघणाऱ्या, कमिटीतले ज्येष्ठ खासदार करायचे, ज्येष्ठता हाच देव, नवीन माणसाने मान खाली घालून दहा-वीस वर्षं थांबायचं. बाईंनी शिक्षण आणि कामगार कमिटी मागितली होती, आयुष्यच त्यात गेलेलं. त्यांना दिली शेती. आणि त्यातही उपसमिती, वनं आणि ग्रामीण विकास. ब्रुकलिनला. शेती कमिटीकडे फूड स्टँपचा, म्हणजे गरिबांना अन्नासाठी मिळणाऱ्या सरकारी मदतीचा, विषय असतो म्हणून त्या आधी जरा विचारात पडल्या होत्या, पण जंगलं दिल्यावर मात्र हे चालणार नाही म्हणाल्या.

स्पीकर मॅकॉर्मॅक यांना फोन केला. ते म्हणाले चांगल्या सैनिकासारखं दिलेलं काम करा, पुढे बक्षीस मिळेल. बाईंचं म्हणणं, मी तर आयुष्यभर चांगली सैनिकच होते. मग पक्षाच्या खासदारांची बैठक झाली जिथे ह्या यादीवर शिक्का बसणार होता. बाई बोलायला उभ्या राहिल्या, त्यांच्या बरोबर दोन-तीन ज्येष्ठ उभे राहिले, बोलायची संधी ज्येष्ठांना. बसल्या. परत उभ्या, परत तेच. असं काही वेळा झाल्यावर त्या जागा सोडून सरळ पुढे चालत गेल्या, अध्यक्षांच्या समोरच्या मोकळ्या जागेत, आणि तिथे नुसत्या उभ्या राहिल्या. काही न बोलता. नेते एकमेकांच्या कानाला लागले, ही बाई इथे का उभी आहे, शेवटी विचारावं लागलं आणि एकदा विचारलं की बोलू द्यावं लागतं. त्यांनी रीतसर ठराव मांडला की माझं नाव शेती कमिटीतून काढा. बैठकीनंतर लोकांनी येऊन सांगितलं की तुम्ही राजकीय आत्महत्या केलीत. काही दिवसांनी त्यांना माजी सैनिकांची कमिटी मिळाली आणि त्यावर त्यांचं वाक्य प्रसिद्ध आहे, की माझ्या मतदारसंघात झाडांपेक्षा माजी सैनिक पुष्कळ जास्त आहेत. शिक्षण आणि कामगार कमिटी १९७१ ला मिळाली.

मार्च १९६९ मधलं हाऊसमधलं पहिलं भाषण व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात, देशातल्या मुलांना पैसा मिळेपर्यंत संरक्षण खात्याच्या प्रत्येक पैशाच्या बिलाला नाही म्हणणार. ऑफिसचा स्टाफ सगळा बायकांचा, त्यात निम्म्या ब्लॅक. १९७१ मध्ये काँग्रेशनल ब्लॅक कॉकसच्या, म्हणजे ब्लॅक खासदारांच्या गटाच्या, १३ संस्थापकांपैकी एक. त्याच वर्षी देशभर पाळणाघरांसाठी मोठा कायदा काँग्रेसने पास केला, ज्यासाठी त्या आणि न्यूयॉर्कच्याच खासदार बेला ॲबझग झटल्या होत्या, आणि डिसेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सननी त्यावर व्हेटो मारला, म्हणजे सही नाकारली. अमेरिकेत आजही आईबाप पाळणाघराच्या खर्चाने मेटाकुटीला आलेले असतात, ते बघितलं की तो व्हेटो मला अजून टोचतो.

१९७२. २५ जानेवारीला ब्रुकलिनच्या कॉनकॉर्ड बाप्टिस्ट चर्चमध्ये राष्ट्राध्यक्षपदाची घोषणा. म्हणाल्या, मी ब्लॅक आहे आणि त्याचा अभिमान आहे पण मी फक्त ब्लॅक अमेरिकेची उमेदवार नाही, बाई आहे आणि तेवढाच अभिमान आहे पण फक्त महिला चळवळीची उमेदवार नाही. आता जिंकण्याची शक्यता नव्हती हे त्यांना माहीत होतं, मग उभ्या का राहिल्या, तर इथे डेलिगेटचं गणित येतं. राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रायमरीत लोक एका अर्थी डेलिगेट निवडतात, ते उन्हाळ्यात अधिवेशनाला जमतात आणि तिथे उमेदवार ठरतो. १९७२ ला ३,०१६ डेलिगेट, बहुमताला १,५०९. बाईंचा हिशोब असा की कोणालाच पहिल्या फेरीत बहुमत मिळालं नाही तर ज्याच्याकडे शे-दोनशे डेलिगेटांची मोट आहे त्याच्याशी बोलावंच लागेल, आणि तेव्हा आपण मागणी ठेवायची, मंत्रिमंडळात बायका, ब्लॅक, आदिवासी इंडियन असे लोक हवेत. आघाडीची सरकारं बघितलेल्या माणसाला हे गणित लगेच कळेल.

पण पैसा नव्हता, सगळ्या मोहिमेवर मिळून साधारण तीन लाख डॉलर. ब्लॅक पुरुष नेत्यांनी हात आखडता घेतला, महिला चळवळीतल्या मोठ्या नावांनी अर्धा पाठिंबा दिला आणि अर्धा शर्यतीत पुढे असलेले उमेदवार जॉर्ज मॅकगव्हर्न यांना. टीव्हीवरच्या वादविवादातून वगळलं तर बाई कोर्टात गेल्या आणि वेळ मिळवला. १२ राज्यांच्या प्रायमरीत नाव, मतं सुमारे ४ लाख ३० हजार. जुलैमध्ये मायामी बीचला अधिवेशन, आणि तिथे सगळा प्रश्न कॅलिफोर्नियाच्या २७१ डेलिगेटांवर अडकला, सगळे मॅकगव्हर्नना द्यायचे की वाटायचे, अधिवेशनाने ठरवलं सगळे मॅकगव्हर्नना, आणि त्या क्षणी बाईंची सौदेबाजी संपली. पहिल्या फेरीत त्यांना १५२ मतं पडली. यातली बरीच शर्यतीतले दुसरे उमेदवार हम्फ्री यांनी आपले ब्लॅक डेलिगेट मोकळे केले म्हणून आलेली होती, प्रायमरीत जिंकलेली नव्हती, हेही सांगायला हवं, नाहीतर तो आकडा चुकीचा समजला जातो.

त्या मोहिमेत कॅलिफोर्नियाच्या मिल्स कॉलेजची एक विद्यार्थिनी आली होती, एकटीने मुलं वाढवणारी, राजकारणावर विश्वास नसलेली, बाईंनी तिला पहिलं काय सांगितलं तर आधी मतदार यादीत नाव घाल. ती बार्बरा ली. पुढे काँग्रेसमध्ये गेल्या आणि २००१ मध्ये युद्धाचे अधिकार देणाऱ्या ठरावाला विरोध करणारं हाऊसमधलं एकमेव मत त्यांचं.

नंतरचं थोडक्यात. १९७७ ला रूल्स कमिटी, कुठलं बिल सभागृहात कधी आणि कुठल्या अटींवर येणार ते ठरवणारी, म्हणजे दाराशी उभं राहणाऱ्यांमध्ये आता बाई स्वतः. त्याच वर्षी घटस्फोट आणि आर्थर हार्डविक यांच्याशी दुसरं लग्न. १९७९ ला नवऱ्याचा मोठा अपघात झाला, देशाचं राजकारणही उजव्या विचारांच्या रेगनच्या दिशेने गेलं, आणि १९८३ च्या जानेवारीत सात टर्म पूर्ण करून त्या बाहेर पडल्या. माउंट होल्योक कॉलेजात शिकवायला लागल्या, परत वर्गात. १ जानेवारी २००५ ला फ्लोरिडात गेल्या.

राहिली ती आईच्या कामाची गोष्ट. १९३८ मध्ये अमेरिकेत किमान वेतनाचा कायदा आला तेव्हा शेतमजूर आणि घरकाम करणाऱ्या बायका त्याच्या बाहेर राहिल्या, दक्षिणेतल्या खासदारांची मतं हवी होती आणि तिथे ही कामं बहुतेक ब्लॅक लोक करायचे. १९७२ च्या प्रचारात, १५ मे ला, अलाबामाचे गव्हर्नर जॉर्ज वॉलेस यांना गोळ्या लागल्या. वॉलेस म्हणजे वंशभेद आज, उद्या आणि कायम असं शपथविधीत सांगणारा माणूस, आणि तेही त्याच पक्षाच्या उमेदवारीच्या शर्यतीत. चिझमबाई त्यांना बघायला हॉस्पिटलात गेल्या. त्यांनीच पुढे सांगितलंय, वॉलेस म्हणाले तुमचे लोक काय म्हणतील, तर बाई म्हणाल्या मला माहितीय ते काय म्हणतील, पण तुमच्यावर जे आलं ते कोणावरच येऊ नये. वॉलेस रडले. ब्रुकलिनमध्ये लोक प्रचंड चिडले, आणि मला ते चिडणं समजतं, ज्यांनी वॉलेससारख्यांचे हाल सोसले त्यांना हे कसं पचणार.

घरकामगारांना किमान वेतनात आणणारं बिल १९७३ ला पास झालं तर निक्सननी व्हेटो केलं. १९७४ ला पुन्हा आणलं, दक्षिणेतल्या खासदारांची मतं लागणार होती, आणि बाईंनी सांगितल्याप्रमाणे वॉलेसनी आपल्या बाजूच्या खासदारांकडे शब्द टाकला. ह्या वेळी निक्सननी सही केली. म्हाताऱ्या-आजारी माणसांना सोबत करणाऱ्या बायका तेव्हा वगळल्या गेल्या, त्यांना आणखी चाळीस वर्षं थांबावं लागलं. पण दुसऱ्यांच्या घरी धुणं, झाडलोट, स्वयंपाक करणाऱ्यांना १ मे १९७४ पासून कायद्याने तासाला १ डॉलर ९० सेंट मिळायला लागले, चिझमबाईंची आई ब्रुकलिनमध्ये हीच कामं करायची तेव्हा मालकीण देईल ती मजुरी घेऊन घरी यायचं एवढंच हातात होतं.